कंठीरवा की फातोर्डा? बेळगावकरांचा आयएसएल (इंडियन सुपर लीग, फुटबॉल) अंदाज-धागा, २०२४-२५

टिळकवाडी_६ | २ फेब्रुवारी, रात्री ११:१०

काल पंजाबनं आपल्या बेंगळुरू एफसीला ३-२ नं हरवलं. रात्रभर झोप लागली नाही, म्हणून हा धागा काढतोय. मोसम संपेपर्यंत दर मॅचच्या आधी इथं अंदाज टाकायचा आणि मॅच झाल्यावर जे पोटात असेल ते बोलायचं. बेंगळुरूवाले, गोवावाले, सगळे या. फक्त एक विनंती, अंदाज टाकताना कारण लिहा. नुसतं "३-० पक्कं" नको.

माझं म्हणणं आधी मांडतो. आपली टीम वाईट नाही. सप्टेंबरात ह्याच टीमनं मोहन बागानला कंठीरवावर, म्हणजे आपल्या घरच्या मैदानावर, ३-० हाणलंय. सुरुवातीच्या पाच मॅचमध्ये एकसुद्धा गोल खाल्ला नव्हता. मग जानेवारीत काय झालं ते बघा. ४ तारखेला जमशेदपूरला आपण १-० पुढं होतो, शेवटच्या दहा मिनिटांत दोन खाल्ले. ११ ला घरच्या मैदानावर मोहमेडननं संपता संपता फ्री-किकवर मारलं. २२ ला ओडिशाविरुद्ध पंधरा मिनिटांत २-० पुढं, आणि मॅच २-३ नं हरलो. बागाननं कोलकात्यात १-० केलं, आता हे पंजाब.

हे नशीब नव्हे. गोल झाला की आपले अकराच्या अकरा आपल्या डीच्या (गोलसमोरच्या चौकटीच्या) तोंडाशी येऊन बसतात. मिडफिल्डमधला सुरेश वांगजाम बॉल हिसकावतो आणि पुढं द्यायला माणूसच नसतो, मग तो लांब मारतो, बॉल परत समोरच्यांकडं. असं अर्धा तास चाललं की कुठलाही डिफेन्स फुटणारच. गोलकीपर गुरप्रीतला शिव्या घालणाऱ्यांनी हे आधी बघावं.

९ तारखेला घरी जमशेदपूर. माझा अंदाज २-१ बेंगळुरू, पण अट एकच: पहिल्या गोलनंतर मागं सरकायचं नाही.

---

खानापूरकर | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:४२

धागा चांगला काढलास. मी गोव्याचा, आधीच सांगतो. आमच्या खानापुरातनं घाट उतरला की गोवा. बेंगळुरूला जायचं तर रात्रभर गाडीत बसायचं. लहानपणापासून आमच्याकडं फुटबॉल म्हणजे साळगावकर, धेंपो, चर्चिल हे गोव्याचे क्लब. त्यामुळं एफसी गोवा आमच्यासाठी कालची गोष्ट नाही.

तुझं लीडचं म्हणणं पटतं. २ नोव्हेंबरला फातोर्ड्यावर, आमच्या घरच्या मैदानावर, आम्ही तुम्हाला ३-० मारलं ती मॅच बघ. ब्रायसन फर्नांडिस बाजूनं आत शिरायचा आणि तुमच्या मिडफिल्डमध्ये त्याला अडवायला कोणी नसायचं. ब्रायसन आमचा गोव्याचा पोरगा आहे, ह्या मोसमात काय खेळायलाय ते सगळा देश बघायलाय.

अंदाज: जमशेदपूर १-१.

---

कॅम्पातला जुना बॅक | ३ फेब्रुवारी, दुपारी २:०५

पोरांनो, मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. लेले ग्राउंडवर आणि कॅम्पात बरीच वर्षं स्टॉपर बॅक खेळलो. सेंट पॉल्सच्या मैदानावर फादर एडींच्या नावाची स्पर्धा असते, तिथं पावसात घोट्यापर्यंत चिखलात खेळलेलं अजून पायाला आठवतं.

मागं सरकण्याबद्दल बॅकच्या जागेवरनं सांगतो. पुढं असताना मागं सरकायला कोच सांगत नाही बऱ्याचदा. पाय आपोआप जातात. आपल्या मागं मोकळी जागा दिसली की बॅकला भीती वाटते, तो दोन पावलं मागं येतो. तो आला की मिडफिल्डवाला दोन पावलं येतो. त्याला थांबवायला मागं ओरडणारा माणूस लागतो, "वर चला" म्हणून. राहुल भेके हे करू शकतो. २०२४ चा आयएसएल कप मुंबईनं जिंकला तेव्हा कॅप्टन हाच होता. त्याचा आवाज टीमनं ऐकला पाहिजे.

२-० बेंगळुरू.

---

अनगोळकर_मावळा | ३ फेब्रुवारी, रात्री ९:२०

एक विचारू का? राग मानू नका. आपण इथं एवढी वर्षं मराठीसाठी झगडायलोय, आणि तुम्ही "बेंगळुरू, बेंगळुरू" करायलाय. मुंबई सिटीला सपोर्ट का नाही करत?

---

टिळकवाडी_६ | ३ फेब्रुवारी, रात्री १०:०१

@अनगोळकर_मावळा राग कशाला मानू? माझे आजोबा सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आलेत. ती गोष्ट आमच्या घरात रोज जेवताना निघते आणि ती मी कुणापुढं कमी होऊ देणार नाही. पण टीम मी नकाशा बघून निवडली नाही. २०१३ मध्ये बेंगळुरू एफसी निघाली आणि पहिल्याच वर्षी आय-लीग जिंकली, तेव्हा मी शाळेत होतो आणि सुनील छेत्रीला बघून वेडा झालो. १७ मार्च २०१९ ला मुंबईत फायनल झाली, समोर गोवा, ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून कप आणला तो राहुल भेके, मुंबईचा मराठी पोरगा. त्या रात्री आमच्या गल्लीत मराठी, कन्नड, कोकणी सगळ्या घरांतली पोरं एकत्र नाचली. त्या रात्री मी ह्या टीमचा झालो तो कायमचा.

---

अनगोळकर_मावळा | ३ फेब्रुवारी, रात्री १०:३०

आजोबांना माझा नमस्कार सांग. भेकेसाठी आजपासून मी पण बघतो. २-० टाक माझं.

---

खानापूरकर | ३ फेब्रुवारी, रात्री १०:३४

त्या ११७ व्या मिनिटाची आठवण नको रे. तेव्हा अंगणात बसून रडलो होतो. २०१५ ला फातोर्ड्यावर चेन्नईनं शेवटच्या मिनिटांत कप नेला, २०१९ ला तुम्ही नेला. साखळीत पहिलं येण्याची शील्ड एकदा मिळाली, पण कप अजून नाही आमच्याकडं.

---

शहापूरची | ९ फेब्रुवारी, रात्री १०:१५

कंठीरवातनं लिहितेय. तीन-शून्य! मी नोकरीसाठी बेंगळुरूत असते, वेस्ट ब्लॉकमध्ये उभी होते. टीव्हीवर कळत नाही असं एक सांगते. इथं मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळं स्टँड लांब पडतात, पण वरनं टीमचा आकार चांगला दिसतो. आज गोल झाल्यावरसुद्धा आपली मागची ओळ मध्यरेषेजवळ होती. काकांनी सांगितलेलं "वर चला" अक्षरशः दिसत होतं.

---

टिळकवाडी_६ | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४०

मी टीव्हीसमोर उभाच होतो, बसलोच नाही. ३-० झाल्यावरसुद्धा प्रेस (पुढं जाऊन दबाव टाकणं) चालू होता. हेच पाहिजे होतं. काका आणि अनगोळकर, दोघांचा अंदाज जवळ आला. मला आपण एक गोल खाऊ असं वाटलं होतं, खाल्ला नाही ह्याचा आनंद आहे.

नॉर्थईस्ट तिकडं शिलाँगमध्ये. त्यांचा तो स्ट्रायकर अलाएद्दीन अजाराई गोल करायचा थांबतच नाहीय ह्या मोसमात. १-१ म्हणतो.

---

निपाणी_शाहू_स्टेडियम | १० फेब्रुवारी, दुपारी १२:५०

निपाणीतनं नमस्कार. आम्हाला कोल्हापूर जवळ, त्यामुळं आमचं फुटबॉल म्हणजे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा तालीम. शाहू स्टेडियमवर पेठापेठांची मॅच असली की काय वातावरण असतं ते पाहिलेल्यालाच ठाऊक. आयएसएल मी उशिरा बघायला लागलो, अनिकेत जाधवमुळं. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये कोल्हापूरचा पोरगा भारताकडनं खेळला, तेव्हापासून.

माझी तक्रार वेगळी आहे. छेत्री चाळिशीचा झाला. ७ डिसेंबरला केरळविरुद्ध हॅटट्रिक मारली, ४-२. लीगच्या इतिहासात हॅटट्रिक मारणारा सगळ्यात वयस्कर खेळाडू. डोळे भरून आले बघताना. पण ह्या मोसमात भारतीयांमध्ये सगळ्यात जास्त गोल त्याचेच व्हायलेत, ह्याची काळजी वाटते. बाकी टीममध्ये नऊ नंबरला, म्हणजे स्ट्रायकरच्या जागेवर, परदेशी. मग शिवशक्तीसारख्या पोरानं शिकायचं कुठं? बाकावर बसून गोल मारायला येत नाही.

---

कॅम्पातला जुना बॅक | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:३०

निपाणीकर, खरं बोललात. आमच्या बेळगावातसुद्धा तेच झालंय. शाळेत पोरं खेळतात, दहावीनंतर क्लास आणि बूट कपाटात. पुढं कुठं जायचं ते कुणी सांगत नाही. गोव्यात जाऊन खेळायचं तर राहायची सोय स्वतःची. लष्करात भरती होऊन खेळणारे काही निघाले, तेवढाच एक रस्ता होता.

---

टिळकवाडी_६ | २१ फेब्रुवारी, रात्री १०:०५

शिलाँगमध्ये २-०! माझा अंदाज चुकला, फार आनंदानं सांगतो. अजाराईला जागाच दिली नाही.

---

टिळकवाडी_६ | २ मार्च, रात्री १०:२०

मधल्या आठवड्यात चेन्नईयिनला १-० केलं, आज ईस्ट बंगालशी कोलकात्यात १-१. बरोबरी कुणी केली? छेत्री, इंज्युरी टाइममध्ये, पेनल्टी. निपाणीकरांची काळजी बरोबर आहे, पण आजच्या रात्री मला फक्त त्याचे आभार मानू द्या.

११ ला मुंबई, घरी. त्यांना प्लेऑफसाठी गुण लागतायत, ते जीव तोडून खेळणार. आपण आत आहोत. भीती वाटते. १-१.

---

अनगोळकर_मावळा | ११ मार्च, रात्री ९:५०

०-२. हे काय वो?

---

टिळकवाडी_६ | ११ मार्च, रात्री १०:३०

तोंडात शब्द नाहीत. घरच्या प्रेक्षकांसमोर, लीगची शेवटची मॅच. त्यांचा छांगटे मोकळ्या रस्त्यानं पळावा तसा पळाला. आम्ही तिसरे, ते सहावे, म्हणजे नॉकआउटला परत हीच मुंबई, परत कंठीरवावर, एकाच मॅचचा निकाल. ज्या टीमनं आताच येऊन मारलं, तीच १८ दिवसांनी पुन्हा येणार.

माझा अंदाज आज टाकत नाही. डोकं शांत होऊ दे.

---

खानापूरकर | १२ मार्च, सकाळी ८:१०

शांत हो भावा. आम्ही ४८ गुणांवर दुसरे, थेट सेमीफायनलला. तुम्ही मुंबईला मारलं तर गाठ आमच्याशी. मला मनापासून तुम्हीच पाहिजे आहात. २०१९ चा हिशोब आहे.

---

निपाणी_शाहू_स्टेडियम | १९ मार्च, रात्री ९:४५

शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध भारत ३-०. पहिला गोल भेके, हेडर. तिसरा छेत्री, निवृत्ती मागं घेऊन परत आला आणि परत गोल! बेंगळुरूवाल्यांनो, तुमचे दोघं फॉर्मात आहेत, धीर धरा.

---

टिळकवाडी_६ | २८ मार्च, रात्री ११:००

उद्या नॉकआउट. धाकट्या भावाची एसएसएलसी (दहावीची परीक्षा) चालू आहे घरात, त्यामुळं आवाज बंद करून बघायची आहे. अंदाज: २-१ बेंगळुरू, एक्स्ट्रा टाइममध्ये. कारण: मुंबई ११ ला जशी खेळली तशीच येईल, आपल्या पाठीमागची जागा शोधायला. आपल्या कोच झारागोझानं ते ओळखलं असेल तर सुरुवातीलाच घाई करून गोल मारेल.

---

शहापूरची | २९ मार्च, रात्री १०:००

पाच!!! पाच-शून्य!!! नवव्या मिनिटाला सुरेश, मग एडगरची पेनल्टी, मग विल्यम्स, मग छेत्री, मग परेरा डियाझ. माझ्या शेजारचे कन्नड आजोबा मला मिठी मारून रडले. आवाज गेलाय माझा.

---

टिळकवाडी_६ | २९ मार्च, रात्री १०:१२

भावाचा पेपर राहिला बाजूला, तो पण ओरडायला लागला, मग आई बाहेर आली, ती पण बसली बघायला.

२-० होतो, ३-० झालो, ४-० झालो, आणि तरी पुढं जात होतो! फेब्रुवारीपासून मी जे ओरडतोय ते ह्या पोरांनी आज करून दाखवलं. पुढं असताना पुढंच खेळायचं.

---

कॅम्पातला जुना बॅक | २९ मार्च, रात्री १०:५५

आज बॅक लाइन बघितली का? भेके हात वर करून सगळ्यांना ढकलत होता. माझा जीव सुखावला.

---

खानापूरकर | ३० मार्च, सकाळी ९:००

या मग. गुढीपाडवा आहे, दारात गुढी उभारलीय आणि तुम्हाला आव्हान देतोय. २ एप्रिल तुमच्याकडं १-१. ६ एप्रिल फातोर्डा, आम्ही २-०. मी तिकडं जाणारच. कोण येतंय चोर्ला घाटानं?

---

टिळकवाडी_६ | ३० मार्च, सकाळी ९:२०

पाडव्याच्या शुभेच्छा दादा. मी येतो. निळा शर्ट घालून तुझ्या गाडीत बसेन, चालेल?

---

खानापूरकर | ३० मार्च, सकाळी ९:२१

चालेल की. पण परत येताना तोंड पाडून बसायचं नाही.

---

टिळकवाडी_६ | २ एप्रिल, रात्री १०:००

२-०! गोव्याच्या झिंगनचा स्वयंगोल, मग एडगर. दोन गोलांची शिदोरी घेऊन फातोर्ड्याला येतोय. पण आता माझी खरी परीक्षा आहे. हे पोरं दोन गोल सांभाळायला बसले तर मेलो. फातोर्ड्यावर बसून राहून कुणी वाचत नाही. अंदाज: १-१, आम्ही पुढं.

---

खानापूरकर | ७ एप्रिल, सकाळी १०:३०

कालची हकिकत मी सांगतो, कारण टिळकवाडीचा पोरगा परतीच्या वाटेवर माझ्याशी एक शब्द वाईट बोलला नाही. त्याचा मान म्हणून.

दुसरा हाफ सुरू झाला आणि बोर्हा हेरेरानं घातला. स्टेडियम उभं राहिलं ते खाली बसलंच नाही. तुमचे सगळे मागं गेले, आणि आम्ही लाटांवर लाटा. ८८ व्या मिनिटाला सादिकू. दोन्ही मॅच मिळून दोन-दोन! मी टिळकवाडीच्या पोराकडं बघितलं, त्यानं डोळे मिटले होते. मला वाटलं, आज पहिल्यांदा देव आमच्या बाजूनं. आणि मग ९२ वं मिनिट. उजवीकडनं नामग्यालचा क्रॉस, आणि मध्ये तो चाळीस वर्षांचा माणूस. हेडर. सगळं मैदान गप्प.

मी छेत्रीवर रागावू शकत नाही. भारताकडनं ज्यानं आयुष्य घातलं त्याच्यावर कसं रागवायचं? पण कप यंदाही नाही. घाट चढून येईपर्यंत डोळे भरत राहिले. बोलणार नाही काही दिवस.

---

टिळकवाडी_६ | ७ एप्रिल, दुपारी १:१५

दादा, तुझ्या शेजारी बसून मी ओरडलो तेव्हा तू माझ्या पाठीवर हात ठेवलास. ते विसरणार नाही.

आता टीमबद्दल. जिंकलो म्हणून गप्प बसणार नाही. जे मी भीत होतो तेच झालं. २-० ची शिदोरी आणि दुसऱ्या हाफमध्ये पूर्ण टीम मागं. छेत्रीनं वाचवलं. १२ तारखेला फायनलमध्ये, कोलकात्यात सॉल्ट लेकला, मोहन बागानच्या साठ हजार लोकांपुढं, हे परत केलं तर वाचवायला कोणी नाही. ५६ गुण मिळवून शील्ड जिंकलेली टीम आहे ती. त्यांना अर्धा तास आपल्या डीसमोर मोकळं सोडायचं म्हणजे हरायचं.

अंदाज मनापासून टाकतो: २-१ बेंगळुरू.

---

कॅम्पातला जुना बॅक | ११ एप्रिल, रात्री ८:००

माझा अंदाज १-१, पेनल्टीवर गुरप्रीत. बाकीच्यांचे पण इथंच टाकतो.

शहापूरची: १-० छेत्री.

निपाणी_शाहू_स्टेडियम: बागान २-१. माफ करा, पण त्यांचा बाक फार खोल आहे.

अनगोळकर_मावळा: २-० आपण. भेके एक.

---

टिळकवाडी_६ | १३ एप्रिल, रात्री १२:४०

निपाणीकर, तुमचा अंदाज तंतोतंत.

४९ व्या मिनिटाला विल्यम्सचा क्रॉस, बागानच्या आल्बेर्तोचा स्वयंगोल, आम्ही पुढं. कोलकात्यात, त्यांच्या घरात, पुढं! आणि तिथून ७२ व्या मिनिटापर्यंत मी घड्याळाकडं बघत होतो. जानेवारीत जमशेदपूरला जे झालं तेच डोळ्यांसमोर. बॉल आपल्या डीत, परत आपल्या डीत, परत आपल्या डीत. एवढा वेळ तिथं बॉल राहिला की कुणाच्या तरी हाताला लागणारच, लागला आपल्या चिंगलेनसानाच्या. त्यांच्या कमिंग्जची पेनल्टी. एक्स्ट्रा टाइममध्ये मॅक्लारेन. संपलं.

चिंगलेनसानाला दोष देऊ नका कुणी. तो मोसमभर उभा राहिलाय. दोष त्या वीस-बावीस मिनिटांचा.

---

कॅम्पातला जुना बॅक | १३ एप्रिल, सकाळी ७:३०

पोरा, पूर्ण पटत नाही. तिथं तेवढा आवाज असताना कुठल्याही टीमला मागं ढकललं जातं. ते आपण होऊन सरकले नाहीत, बागाननं सरकवलं. बागानचा बाक बघ, एकेक बदली खेळाडू दुसऱ्या टीमचा पहिला अकरातला. फरक तिथं पडला.

---

टिळकवाडी_६ | १३ एप्रिल, सकाळी ८:१०

काका, मान्य, बागाननं ढकललं. पण मुंबईनं पण ढकलायचा प्रयत्न केला होता २९ मार्चला. तेव्हा आपण बॉल मिळाला की विल्यम्सला शोधत होतो, सगळे एकदम वर निघत होते. काल बॉल मिळाला की नुसता टोलवत होतो. वर उभा राहून बॉल धरून ठेवणारा ताज्या पायांचा माणूस पाहिजे होता ६० व्या मिनिटाला. निपाणीकर फेब्रुवारीत म्हणत होते तेच, पोरांना मोसमभर खेळवलं असतं तर काल तो माणूस बाकावर तयार असता.

---

निपाणी_शाहू_स्टेडियम | १३ एप्रिल, सकाळी ९:००

हेच. अंदाज बरोबर आला ह्याचं मला काही सुख नाही.

---

खानापूरकर | १३ एप्रिल, दुपारी १२:१५

परत आलो. काल मी तुमच्या बाजूनं बघत होतो, पहिल्यांदा आयुष्यात. मॅक्लारेनचा गोल झाला तेव्हा बायको म्हणाली, तुमची टीम नाही ना ही, मग का एवढं? काय सांगू तिला.

२० तारखेपासून भुवनेश्वरला सुपर कप आहे. हा आम्ही घेणार, लिहून ठेवा.

---

टिळकवाडी_६ | १३ एप्रिल, दुपारी १२:३१

लिहून ठेवलं दादा. आम्हाला पहिली मॅच इंटर काशीशी. माझा अंदाज ३-१ बेंगळुरू. कारण: आता गमवायला काही नाही, शिवशक्तीला पहिल्या मिनिटापासून खेळवायला हीच वेळ. आणि पहिला गोल झाल्यावर भेकेनं हात वर करून सगळ्यांना पुढं ढकलावं. बाकीच्यांनी टाका अंदाज, कारणासकट.